स्वाध्याय, संगणक आणि सचोटी
महाविद्यालयीन अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची मर्यादा

मुळा नदीच्या काठी वसलेले वाकड हे गाव एकेकाळी शेतीसाठी आणि म्हातोबाच्या उत्सवासाठी पंचक्रोशीत ओळखले जाई. म्हातोबाचे बगाड आजही निघते. मात्र भोवतालचे शिवार पार बदलून गेले आहे. १९९७ मध्ये वाकडचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत झाला. शेजारच्या हिंजवडीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. ताथवडे, आकुर्डी, निगडी व पिंपरी या परिसरात अभियांत्रिकी, व्यवस्थापन व संगणकशास्त्राची महाविद्यालये वाढली. मावळ, मुळशी व खेड तालुक्यांतील, तसेच मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील हजारो मुलेमुली येथे शिकावयास येतात आणि वसतिगृहांत किंवा कॉट बेसिसवर घेतलेल्या खोल्यांत राहतात. त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे.

या विद्यार्थ्यांच्या वर्षक्रमात 'सबमिशन' या शब्दाला मोठे महत्त्व आहे. सत्राच्या अखेरीस जर्नल, स्वाध्याय, प्रकल्प-अहवाल व संगणकीय आज्ञावली तपासून घ्यावयाची आणि मग तोंडी परीक्षेस सामोरे जावयाचे, हा शिरस्ता जुना आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची वही उतरवून काढणे, झेरॉक्सच्या दुकानातून तयार अहवाल मिळविणे, हे प्रकारही नवे नाहीत. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' हे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि या जुन्या दुखण्याला नवे रूप आले. प्रश्न टंकलिखित करताच काही क्षणांत नीटनेटका निबंध, चालणारी आज्ञावली किंवा मुद्देसूद अहवाल हाती येऊ लागला. अशा वेळी विद्यार्थ्याने या साधनाची मदत कोठवर घ्यावी, शिक्षकाने काय ग्राह्य मानावे आणि विद्यापीठाने कोणता नियम करावा, हे प्रश्न देशोदेशीच्या शिक्षणसंस्थांपुढे उभे राहिले. त्यांचा विचार शांतपणे व माहितीच्या आधारे होणे अगत्याचे आहे.

यंत्र नेमके काय करते?

ही साधने ज्या तंत्रावर उभी आहेत, त्याचे मूळ सूत्र समजण्यास कठीण नाही. अफाट प्रमाणावरील लिखित मजकूर यंत्राला पुरविला जातो. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव किती, याची गणिती जुळणी त्यातून यंत्र आपल्यापाशी साठविते. प्रश्न विचारला की याच संभाव्यतेनुसार एकेक शब्दांश पुढे मांडत ते उत्तर रचते. त्यामुळे उत्तराची भाषा सफाईदार असते. ते खरे असेलच, याची मात्र हमी नसते. अस्तित्वात नसलेला ग्रंथ, न झालेली घटना किंवा कोणीही न दिलेला न्यायनिवाडा यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकते.

या दोषाचा फटका केवळ विद्यार्थ्यांनाच बसतो असे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर केले. त्याबद्दल ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर निर्धारणेचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुरविलेली माहिती पडताळून पाहिल्याखेरीज वापरता कामा नये, ही जाणीव न्यायालयाने त्या वेळी अधिकाऱ्यांना करून दिली. आजचा विद्यार्थी उद्या अधिकारी, अभियंता किंवा शिक्षक होणार आहे. पडताळणीची सवय त्याला महाविद्यालयात लागली नाही, तर ती पुढे कार्यालयात लागेल असे मानणे धाडसाचे ठरेल.

आजची नियमांची चौकट

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. प्रश्नपत्रिका फुटणे, नक्कल करणे किंवा करविणे, तोतया परीक्षार्थी बसविणे अशा प्रकारांना आळा घालणे हा त्याचा हेतू. वसतिगृहाच्या खोलीत रात्री लिहिला जाणारा स्वाध्याय त्याच्या कल्पनेत येणे शक्यच नव्हते.

वाङ्मयचौर्याच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम काढले. त्यांनुसार प्रबंधातील मजकुराचे अन्यत्रच्या मजकुराशी किती साम्य आहे हे मोजून चार पातळ्या ठरविण्यात आल्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत पुन्हा सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांच्या पातळीवर एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही; आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणीच रद्द होते. तक्रारीची चौकशी आधी विभागाच्या व नंतर संस्थेच्या समितीने करावयाची, प्रत्येक समितीने ४५ दिवसांत काम पुरे करावयाचे आणि संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावयाची, अशी व्यवस्था त्यात आहे. पुढे २०१९ पासून 'शोधशुद्धी' उपक्रमाखाली साम्य शोधणारी संगणकप्रणाली विद्यापीठांना उपलब्ध करून देण्यात आली.

या विनियमांकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दृष्टीने पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, त्यांचा रोख पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंध आणि प्रकाशित लेखन यांकडे आहे. स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, अभ्यासक्रमांतर्गत लेखन व उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे ज्या लेखनात यंत्राचा वापर सर्वाधिक होण्याचा संभव, नेमके तेच या चौकटीबाहेर राहते. दुसरी गोष्ट अशी की, साम्य शोधणारी प्रणाली आधी लिहिलेल्या मजकुराशी ताडून पाहते. यंत्र तर दर वेळी नवी वाक्ये जुळविते. त्यामुळे संपूर्ण स्वाध्याय यंत्राकडून लिहवून घेतला, तरी साम्याचे प्रमाण नगण्य दिसू शकते. उलट, आधार नमूद न करता पुस्तकातील चार परिच्छेद स्वतःच्या हाताने उतरविणारा विद्यार्थी तत्काळ सापडतो.

ही पोकळी भरण्याचे काम विद्यापीठांनी व महाविद्यालयांनीच करावयाचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापरिषद, अभ्यास मंडळे व परीक्षा आणि मूल्यमापन मंडळ ही प्राधिकरणे त्यासाठी आहेत. स्वायत्त महाविद्यालयांना तर मूल्यमापनाची पद्धती ठरविण्याचा बराच अधिकार आहे.

बंदीकडून नियमनाकडे

आरंभी अनेक संस्थांनी बंदीचा मार्ग पत्करला. बंगळूर येथील आर. व्ही. विद्यापीठाने २०२३ च्या जानेवारीत चॅटजीपीटीच्या वापरास मज्जाव केला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याच वर्षीच्या परीक्षांत या साधनाचा वापर निषिद्ध ठरविला. परीक्षागृहापुरता असा मज्जाव योग्यच होय, कारण तेथे पर्यवेक्षण असते. घरी करावयाच्या कामाबाबत मात्र बंदीची अंमलबजावणी करणे दुष्कर ठरते. हाँगकाँग विद्यापीठाने २०२३ च्या फेब्रुवारीत तात्पुरती बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या नव्या शैक्षणिक सत्रापासून धोरण बदलून ही साधने विद्यार्थ्यांना खुली केली. ब्रिटनमधील 'रसेल ग्रुप' या २४ विद्यापीठांच्या संघटनेने जुलै २०२३ मध्ये पाच तत्त्वे स्वीकारली. विद्यार्थी व शिक्षक या दोघांनाही यंत्रसाक्षर करणे, मूल्यमापनात योग्य ते बदल करणे आणि सचोटी राखणे, हा त्यांचा आशय. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनेही शिक्षण व संशोधनासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग आखले : एकात पर्यवेक्षणाखाली विद्यार्थ्याची स्वतःची क्षमता तपासावयाची, दुसऱ्यात यंत्राचा वापर उघडपणे करू द्यावयाचा.

या बदलामागे व्यवहाराचेही कारण आहे. हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत ही साधने प्रत्यक्ष कामात येऊ लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या महाअ‍ॅग्री-एआय धोरणासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. शेतीपासून कारखान्यापर्यंत ज्या साधनाचा वापर व्हावयाचा, त्यापासून विद्यार्थ्याला चार वर्षे दूर ठेवणे शहाणपणाचे नाही. त्याचबरोबर, आज्ञावली स्वतः लिहिता न येणाऱ्यास यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीतील चूक दिसणार नाही, हेही तितकेच खरे. लॉग टेबल जाऊन गणकयंत्र आले तेव्हा पाढे निरुपयोगी झाले नाहीत. उत्तराचा अंदाज ज्याला मनाशी करता येतो, त्यालाच गणकयंत्रावर दाबलेले चुकीचे बटण कळते.

यंत्राची साक्ष किती ग्राह्य?

मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या प्रणालीही बाजारात आल्या आहेत. त्यांच्या अहवालातील टक्केवारी पाहून विद्यार्थ्यास दोषी ठरविण्याचा मोह होतो. या बाबतीत फार सावधगिरी बाळगावयास हवी. चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआय कंपनीने स्वतःच अशी एक ओळखप्रणाली २०२३ च्या जानेवारीत काढली होती. कंपनीच्याच चाचणीत तिने यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के यंत्राचा ठरविला. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ती मागे घेण्यात आली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा प्रणालीचा वापर थांबविला. त्या विद्यापीठाने मांडलेला हिशेब साधा आहे. २०२२ मध्ये तेथे ७५,००० लेख तपासणीसाठी गेले होते. चुकीचे प्रमाण शेकडा एक धरले, तरी सुमारे ७५० लेखांवर नाहक ठपका आला असता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची बाब स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये पुढे आणली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ इंग्रजी निबंध त्यांनी सात ओळखप्रणालींतून तपासले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा चुकीचा निष्कर्ष निघाला. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र अशी चूक क्वचितच झाली. कारण उघड आहे. शब्दरचना जितकी अपेक्षित, तितकी ती यंत्राची असण्याची शक्यता जास्त, अशी या प्रणालींची धारणा असते. परकी भाषा बेताच्या शब्दसंग्रहावर जपून लिहिणाऱ्याची वाक्ये साधी व ठरावीक वळणाची असतात. मावळातील मराठी माध्यमाच्या शाळेतून येऊन अभियांत्रिकीचा अहवाल इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचे लेखन नेमके असेच असणार. तिने रात्र जागून स्वतः लिहिलेला अहवाल यंत्राचा ठरविला गेला, तर तिचे सत्र तर जाईलच, शिवाय घरच्यांच्या डोळ्यांतील विश्वासही जाईल. चुकीच्या आरोपाची किंमत अशा वेळी त्या कुटुंबालाच मोजावी लागते.

नियमच स्पष्ट नसतील तर संस्थाही अडचणीत येते. हरियाणातील एका खाजगी विद्यापीठाने २०२४ मध्ये कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास, त्याचे उत्तर ८८ टक्के यंत्रलिखित असल्याचे सांगून अनुत्तीर्ण ठरविले. विद्यापीठाच्या नियमांत अशा वापरास स्पष्ट मनाई कोठेही नाही, असे म्हणणे मांडून विद्यार्थ्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. याचिका प्रलंबित असतानाच विद्यापीठाने त्यास उत्तीर्ण केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती निकाली निघाली. मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निर्णय झाला नाही; तथापि आधी नियम आणि मग शिक्षा, हा क्रम पाळण्याची आवश्यकता या प्रकरणातून अधोरेखित झाली.

चांगल्या नियमाची लक्षणे

वरील अनुभवांच्या आधारे महाविद्यालयांना आपले नियम आखताना पुढील मुद्दे उपयोगी पडतील.

१. परवानगी कामागणिक ठरवावी. संपूर्ण महाविद्यालयास एकच हुकूम लावण्यापेक्षा प्रत्येक स्वाध्यायाच्या डोक्यावर एक ओळ छापावी : यंत्राचा वापर वर्ज्य, मर्यादित वापरास मुभा, किंवा पूर्ण मुभा. पहिल्या वर्षाच्या आज्ञावली लेखनात वापर वर्ज्य ठेवणे योग्य. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मुभा देण्यास हरकत नसावी.

२. मदत आणि बदली यांतील भेद समजावून सांगावा. अवघड संकल्पना मराठीतून समजून घेणे, स्वतः लिहिलेल्या इंग्रजीतील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणे, ही मदत होय. विचार, निष्कर्ष व लेखन सर्वच यंत्राकडून करवून स्वतःचे नाव घालणे, ही बदली होय.

३. कबुलीपत्र असावे. कोणते साधन, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी वापरले आणि त्याने दिलेली माहिती कशी पडताळली, हे विद्यार्थ्याने अहवालाच्या अखेरीस चार ओळींत लिहावे. प्रामाणिक कबुलीबद्दल गुण कापले जाऊ नयेत. अन्यथा कबुलीपत्र कोरेच राहील.

४. ओळखप्रणालीचा अहवाल हा पुरावा मानू नये. फार तर तो चौकशीचे निमित्त ठरावा. विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोलणे, कच्चे मसुदे पाहणे, आज्ञावलीतील एखादी ओळ बदलून परिणाम विचारणे, हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. विद्यार्थ्यास बाजू मांडण्याची व वरिष्ठ समितीकडे दाद मागण्याची संधी मिळालीच पाहिजे.

५. खाजगी माहितीचे रक्षण व्हावे. सर्वेक्षणातील कुटुंबांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक किंवा रुग्णांच्या नोंदी अशा साधनांत भरणे अनुचित आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियमही संमत झाला आहे.

६. साधनांची विषमता ध्यानात घ्यावी. महिन्याचे शुल्क भरून उत्तम साधन घेणारा आणि मोबाइलवरील फुकट साधनावर भागविणारा, असे दोन्ही विद्यार्थी एकाच वर्गात असतात. मुभा असलेल्या कामासाठी सर्वांना सारखे साधन संगणककक्षात उपलब्ध असावे.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

नियमाइतकेच महत्त्व स्वाध्यायाच्या स्वरूपाला आहे. 'शहरातील वाहतूक समस्येवर टिपण लिहा' या प्रश्नाचे उत्तर यंत्र बसल्या जागी देईल. त्याऐवजी 'वाकडच्या भूमकर चौकात सकाळी ९ ते १० या वेळेत चारही दिशांच्या वाहनांची मोजणी करा, तक्ता मांडा, आपल्या गटाच्या आकड्यांत व दुसऱ्या गटाच्या आकड्यांत फरक का पडला ते सांगा' असा प्रश्न दिला, तर विद्यार्थ्याला चौकात उभे राहावेच लागेल. तक्ता नीट मांडण्यास त्याने यंत्राची मदत घेतली तरी बिघडत नाही. निरीक्षण त्याचे स्वतःचे असते. मोजणीची मूळ वही सोबत जोडावयास सांगावी आणि तोंडी परीक्षेत तीवरच प्रश्न विचारावेत. तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके ही आपल्या विद्यापीठांतील जुनी पद्धत आहे. ती उरकून टाकण्याची सवय सोडली, तर नव्या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर तिच्यातच मिळेल.

याच संदर्भात ग्रामपंचायत सदस्यांचाही सहभाग मोलाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समाज-सहभाग व कार्यप्रशिक्षण यांना स्थान मिळाले. त्यामुळे पाणीपुरवठा, कचरा, शेती, आरोग्य अशा विषयांची पाहणी करण्यास विद्यार्थी गावोगाव येणार आहेत. गावात पाऊल न टाकता यंत्राकडून पाहणीचे आकडे रचून घेतले, तर विद्यार्थ्याचे नुकसान होतेच. शिवाय त्या गावाच्या नावावर खोटी माहिती कागदोपत्री नोंदली जाते. पंचायतीने विद्यार्थ्यांच्या भेटीची नोंद ठेवावी, शक्य ती माहिती द्यावी आणि तयार झालेला अहवाल ग्रामसभेत वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. ग्रामस्थांसमोर वाचावयाचा अहवाल कोणी सहसा मनाने रचीत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचारही स्वतंत्रपणे व्हावयास हवा. यंत्राला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने थोडा असल्याने त्याच्या मराठी उत्तरांत परकी वाक्यरचना व चुकीची माहिती डोकावते. मराठीचे चांगले वाचन असलेल्या शिक्षकाला ती सहज जाणवते. मराठीतील उत्तम लेखन विद्यार्थ्यांकडून वाचून घेणे, हा या दृष्टीनेही उपयुक्त उपाय आहे.

शिक्षकांची तयारी

नियम कागदावर उतरले तरी त्यांचा भार अखेर शिक्षकावर येतो. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीची दहा मिनिटे तोंडी परीक्षा घ्यावयाची, तर दहा ते बारा तास लागतात. हा वेळ कार्यभारात धरला गेला पाहिजे. लेखी स्वाध्यायांची संख्या कमी करून मोजके पण कसून तपासलेले स्वाध्याय ठेवणे, हा एक मार्ग आहे. शिक्षकांनी ही साधने स्वतः वापरून पाहणेही आवश्यक आहे. आपलाच प्रश्न यंत्राला घालून पाहिला की तो प्रश्न किती कसाचा आहे, हे आपोआप कळते. शिवाय प्रश्नपत्रिका काढताना किंवा उत्तरे तपासताना शिक्षकाने यंत्राची मदत घेतली, तर तीही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. सचोटीचा नियम एकतर्फी असू शकत नाही.

पदवी म्हणजे समाजाला दिलेले एक आश्वासन असते. या व्यक्तीने आखलेला पूल कोसळणार नाही, हिने केलेला हिशेब चुकणार नाही, असे विद्यापीठ त्या कागदावर सही करून सांगत असते. वाकड-हिंजवडी परिसरातील प्रत्येक नवी इमारत आणि चाकणच्या कारखान्यातील प्रत्येक यंत्र अशाच आश्वासनांवर उभे आहे. विद्यार्थ्याने साधने अवश्य वापरावीत. मात्र त्यांनी दिलेल्या उत्तराची जबाबदारी त्याला स्वतःच्या नावाने घेता आली पाहिजे. महाविद्यालयांनी येत्या सत्राच्या आरंभीच आपले नियम मराठीत व इंग्रजीत छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावेत आणि पहिल्याच आठवड्यात त्यांवर वर्गात चर्चा घडवून आणावी.